वळिवडे आठवतं, मग देवली का आठवत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही १९६२ च्या युद्धावर दोन पानं दिलीत, वाचली, चांगली होती. नेफा (आजचा अरुणाचल), रेझांग ला, मेजर शैतानसिंग, कृष्ण मेनन यांचा राजीनामा, मग यशवंतरावांना दिल्लीचं बोलावणं आणि हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री, सगळं आलं. पण त्या युद्धातली एक गोष्ट ह्याही वेळी राहिली, दरवेळी राहते, म्हणून हे पत्र लिहायला बसले. त्या वर्षी भारत सरकारने आपल्याच देशात राहणाऱ्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, म्हातारी माणसं, बाळंतिणी, शाळेत जाणारी पोरं अशा सगळ्यांना घरातून उचललं आणि राजस्थानात टोंक जिल्ह्यातल्या देवली गावी (वर्ध्याची देवळी नव्हे) काटेरी तारांच्या आत नेऊन ठेवलं. त्यातले शेवटचे लोक १९६७ साली सुटले. युद्ध एक महिना चाललं होतं.

मी बरीच वर्षं पुण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवला. ६२ चं युद्ध शिकवताना पुस्तकात ह्याची एक ओळही कधी नव्हती, आणि रिटायर झाल्यावर नातवाचं पुस्तक चाळलं तर त्यातही नाही. पुण्यात माझ्या वयाच्या कुणालाही १९६१ च्या पानशेतच्या पुराचं विचारा, १२ जुलैच्या सकाळी कोण कुठे होतं, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, सगळं सांगतील. पुढच्याच वर्षीचं युद्धही आठवतं, आम्हाला शाळेत लोकर वाटली होती जवानांच्या स्वेटरसाठी, आईने संरक्षण निधीला बांगडी दिली होती. महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेल्या पोलिश निर्वासितांची आठवणही आपण जपलीय. देवलीचं विचारा, कुणाला काहीच माहीत नसतं.

आधी हे लोक कोण होते ते सांगते, कारण "चिनी" म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी बॉर्डर ओलांडून आलेले असणार. तसं अजिबात नव्हतं. १८३० नंतर इंग्रजांनी आसामात चहा लावायला घेतला तेव्हा चहाचं काम येणारी माणसं चीनमधून आणली, त्यातले काही तिथेच राहिले, त्यांनी तिथल्याच बायकांशी लग्नं केली, आणि मग पुढे सुतार, चांभार, मेकॅनिक, डेंटिस्ट असे आणखी येत गेले. वरच्या आसामातल्या माकूम गावात त्यांची अख्खी वस्ती होती. शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पोंग, सिलिगुडी इथे त्यांची चपलांची दुकानं, हॉटेलं, ब्युटी पार्लर होती, कलकत्त्यात टांगऱ्याला हाक्का ह्या चिनी समाजाच्या लोकांचे चामड्याचे कारखाने होते. आपल्याकडे मुंबईत माझगावला डॉकयार्ड रोडजवळ त्यांचं देऊळ आहे, ते अजूनही आहे, बघून या कधीतरी. ६२ पर्यंत ह्या घरांमधली तिसरी-चौथी पिढी आली होती. पोरं असमिया, नेपाळी, बंगाली, हिंदी बोलायची, कित्येकांना चिनी वाचताही येत नव्हतं, चीन बघितलेला तर घरात बहुतेक कुणीच नसायचा.

२० ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं, २६ ला आणीबाणी लागली, भारत संरक्षण कायद्याचा वटहुकूम निघाला आणि चार दिवसांनी परदेशी नागरिकांच्या कायद्यातही बदल केला. त्या बदलातलं कलम प्रत्येकाने एकदा तरी वाचावं असं आहे. ज्याचे आईबाप किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही एक जण कधीही शत्रू देशाचा नागरिक होता, त्याला परदेशी माणसासारखं धरायचं. म्हणजे तुम्ही डिब्रुगडला जन्मला, तुमची आई आसामी, पण आजोबा शंभर वर्षांच्या त्या चहाच्या साखळीतले कुणीतरी, तर पोलीस तुम्हाला घेऊन जाऊ शकतात. आरोप नाही, कोर्ट नाही, वकील नाही.

उचलाउचली मुख्यतः नोव्हेंबरच्या मधल्या दिवसांत झाली. त्यातून वाचून पुढे बोललेल्या लोकांनी जे सांगितलंय ते सगळीकडे एकसारखंच आहे, की पोलीस दारात आले, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे म्हणाले, तुमच्याच संरक्षणासाठी नेतोय म्हणाले, हातात मावेल तेवढं घ्या म्हणाले. चुलीवरचं तसंच ठेवून माणसं निघाली, कोंबड्या डुकरं तशीच, दुकानाला कुलूप. आधी तिकडच्या जेलमध्ये आणि मग ट्रेनने आसामातून राजस्थानात, जवळजवळ आठवडाभर. गाडीवर शत्रूची गाडी असं लिहिलेलं होतं आणि काही स्टेशनांवर जमलेल्या लोकांनी दगड मारले, चपला फेकल्या, असं त्या गाडीत लहान मूल म्हणून बसलेल्या लोकांनी म्हातारपणी सांगितलंय. आणि २१ नोव्हेंबरला चीनने स्वतःहून युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे माणसं देवलीला पोचून तिथे राहायला लागली तोपर्यंत गोळीबार थांबलेला होता. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते, कारण युद्धाच्या गडबडीत चूक झाली असं म्हणायचं तर मग युद्ध संपल्यावर ती चार-साडेचार वर्षं चालू का राहिली. चीनच्या ताब्यात गेलेले आपले जवान, जवळजवळ ३,९०० होते ते, १९६३ च्या मेपर्यंत परत आले. बंदूक घेऊन लढलेले युद्धकैदी सहा-सात महिन्यांत घरी आणि चपला शिवणारा माणूस पोराबाळांसकट ६७ पर्यंत आत.

देवलीचा कॅम्प इंग्रजांचा. १९४१ साली त्याच कॅम्पात जयप्रकाश नारायण होते, आपले कॉम्रेड डांगे होते, तिथल्या वागणुकीविरुद्ध राजकीय कैद्यांनी उपोषण केलं होतं. नंतर महायुद्धात मलाया-सिंगापूरहून पकडून आणलेले जपानी नागरिक तिथे ठेवले. इंग्रजांनी आपल्या माणसांना जिथे विनाचौकशी डांबलं त्याच जागेत स्वतंत्र भारताने पंधरा वर्षांत विनाचौकशी दुसरी माणसं डांबली, ह्याचं कुणाला काही वाटलं नसेल का? आज तिथे सीआयएसएफ ह्या केंद्रीय सुरक्षा दलाचं ट्रेनिंग सेंटर आहे. पाटी नाही, दगड नाही, काही नाही.

डोंगरात, पावसात वाढलेली माणसं ती, राजस्थानच्या उन्हाळ्यात बराकीत राहिली. म्हातारे तिथेच गेले, मुलं तिथेच जन्मली. शास्त्रीजी गृहमंत्री असताना ६३ साली कॅम्प बघायला गेले होते. त्याच वर्षी चीनने जहाजं पाठवली आणि ज्यांना जायचंय त्यांनी जा असं झालं. दोन हजारांहून जास्त लोक गेले. का गेले तर इथे पुढे काय होणार ते कुणी सांगत नव्हतं, घर राहिलं की नाही माहीत नव्हतं. काही घरं फुटली, नवरा तिकडे, बायको इकडे, एक मुलगा जहाजावर आणि एक मुलगी आसामात नातेवाइकांकडे. आणि तिकडे गेलेल्यांचं तरी भलं झालं का, तर नाही, त्यांना सरकारी शेतांवर पाठवलं, भाषा येईना, आणि दोन-तीन वर्षांत सांस्कृतिक क्रांती आली तेव्हा परदेशातून आलेले म्हणून तिथेही त्यांच्यावर संशय. इथे चिनी म्हणून आणि तिथे भारतीय म्हणून.

शेवटचे लोक सुटले तेव्हा दिल्लीत गृहमंत्री आपले यशवंतरावच होते. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही, ते १९६६ च्या नोव्हेंबरात त्या खात्यावर आले आणि तोवर कॅम्प जवळजवळ रिकामा झाला होता. पण सह्याद्री धावला हे आपण पुन्हापुन्हा सांगतो तेव्हा त्याच गोष्टीचा हा शेवटही मराठी माणसाला माहीत असायला हवा ना.

सुटून घरी आले तर घर नव्हतं. शत्रूची मालमत्ता म्हणून लिलाव झाला होता, किंवा कुणीतरी राहायला आलं होतं, दुकानातला माल गेलेला. ज्यांना घर मिळालं त्यांनाही पोलिसात नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गावाबाहेर जायला परवानगी काढायची, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. इथे जन्मून नागरिकत्वाचा कागद हातात यायला काहींना १९९० नंतरचा काळ उजाडला. पोरांची शाळेची चार-पाच वर्षं गेलेली, मग कसलं शिक्षण, दहा-बारा वर्षांची मुलं सरळ हॉटेलात, टॅनरीत कामाला लागली. पोटापाण्याचं कसंबसं जमलं तरी घरात एक गप्पपणा येऊन बसला. आईबापांनी मुलांना सांगितलंच नाही. कित्येकांना स्वतःचे आईवडील कॅम्पात होते हे ते वारल्यावर कळलं. नावं बदलली, आसामी सरनेम लावली, घरात चिनी बोलणं बंद केलं. आणि ज्यांना जमलं त्यांनी देश सोडला, खूप जण कॅनडात टोरांटोला गेले. आजही तिथे ते जमतात तेव्हा आपसात हिंदी बोलतात असं वाचलं आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

पुण्यात काय होतं विचाराल तर फार नव्हतं, आपल्याकडे चिनी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या आजीची कवळी पुण्याच्या लष्कर भागातल्या एका चिनी डेंटिस्टने केलेली, ती तिने मरेपर्यंत वापरली. त्या डेंटिस्टला देवलीला नेलं नाही पण पोलिस चौकीत हजेरी होती, आणि युद्धानंतर पेशंट कमी झाले, ओळखीचे लोकही रस्ता बदलून जायला लागले. आजी मात्र जायची, माझे दात त्यांनी केलेत मी जाणारच म्हणायची. काही वर्षांनी ते कुटुंब निघून गेलं, कुठे ते आम्हाला समजलं नाही.

पण आपल्या भागाचा ह्या विषयाशी संबंध नाही असं कुणी समजू नये. पुरंदरावर ट्रेकला जाणाऱ्या पोरांना विचारते मी, शंभूराजांचा जन्म तिथला हे सगळ्यांना माहीत असतं, तह माहीत असतो, पण दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे जर्मन-इटालियन नागरिकांना बायकामुलांसकट स्थानबद्ध ठेवलं होतं हे एकालाही माहीत नसतं. आणि त्यात कोण होते? हिटलरपासून जीव वाचवून हिंदुस्थानात आलेले ज्यू पण होते. पासपोर्ट जर्मन म्हणून शत्रू! साताऱ्यालाही असा कॅम्प होता, नगरला तर पहिल्या महायुद्धापासून होता. आणि त्याच युद्धात, कोल्हापूरजवळ वळिवड्याला, सुमारे ५,००० पोलिश निर्वासित आले, १९४३ ते ४८ राहिले, त्यांच्या शाळा, चर्च, थिएटर, सगळं झालं. त्यांचं स्मारक कोल्हापुरात आहे, तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले. मला ह्याचा मनापासून आनंद आहे. सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचा चीनमध्ये पुतळा आहे त्याचाही आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्याचा अभिमान वाटतो त्याचं स्मारक होतं आणि ज्याची लाज वाटायला हवी त्याचं होत नाही, तर मग तो इतिहास कसला, ते कौतुक झालं फक्त. वळिवडं ज्यांनी जपलं त्यांनीच देवलीबद्दलही बोलावं, त्यांच्या बोलण्याला वजन असेल.

इतर देशांनी काय केलं तेही बघा. अमेरिकेत पर्ल हार्बरनंतर १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक दहा कॅम्पांत टाकले, त्यात दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. कोरेमात्सु नावाचा तरुण कोर्टात गेला, १९४४ साली सुप्रीम कोर्टानेही सरकारचीच बाजू घेतली. मी मुलीकडे सॅन होजेला गेले होते तेव्हा तिने सॅन ब्रूनोचं स्टेशन दाखवलं, तिथे पूर्वी टॅनफोरान नावाचा रेसकोर्स होता, कॅम्प बांधून व्हायच्या आधी त्या माणसांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. आता तिथे स्टेशनबाहेर दोन लहान मुलींचा पुतळा आहे, कोटावर नंबरचे टॅग लावलेल्या, आणि आत फोटो लावलेत. रोज ऑफिसला जाणारी माणसं त्याच्या शेजारून जातात. मी तिथे बराच वेळ उभी होते.

हे आपोआप झालं नाही. तिथेही कॅम्पातून आलेले आईबाप गप्पच होते, त्यांच्या मुलांनी पुढच्या पिढीत विचारायला सुरुवात केली, १९८० साली सरकारी आयोग नेमला गेला, साडेसातशेच्या वर लोकांनी साक्षी दिल्या, आणि आयोगाने सांगितलं की ह्यामागे लष्करी गरज नव्हती, वंशद्वेष होता, युद्धाचा उन्माद होता आणि पुढारी कमी पडले. १९८८ साली रेगननी कायद्यावर सही केली, माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर. रेगन काही डाव्या विचारांचे नव्हते हे लक्षात घ्या. त्याच वर्षी कॅनडानेही आपल्या जपानी नागरिकांची माफी मागितली, पैसे दिले. आणि आपले देवलीवाले आज राहतात तो देश कॅनडाच. ते तिथून भारत सरकारला पत्रं लिहितायत, पैसे नकोत म्हणतायत, चूक झाली एवढं म्हणा आणि देवलीला एक स्मारक करू द्या. आजपर्यंत एकाही सरकारने, कुठल्याही पक्षाच्या, ते म्हटलेलं नाही.

लोक म्हणतात अहो चीनने दगा दिला होता, हेर असतील त्यात, सरकार काय करणार. ठीक आहे, हेर असतील तर पकडा, खटला चालवा. देवलीत ठेवलेल्यांपैकी एकावरही हेरगिरीचा खटला झाला नाही. एकावरही नाही. तिथे दोन वर्षांचं बाळ होतं, ऐंशी वर्षांची बाई होती. माझा भाऊ सैन्यात होता, सैनिकाच्या घरातली मी, देशाच्या सुरक्षेचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. पण बॉर्डरवर कमी पडलो त्याचा राग माकूमच्या सुताराच्या पोरांवर काढून बॉर्डर एक इंचही सुरक्षित झाली नाही.

आणि जुनं उकरून काय मिळणार असंही म्हणतात, त्यांना मी २०१२ चा ऑगस्ट आठवायला सांगते. आसामातल्या दंगलींनंतर पुण्यात ईशान्येकडच्या पोरांना मारहाण झाली, एसेमेसवरून अफवा पसरल्या आणि शेकडो विद्यार्थी, वॉचमन, हॉटेलात काम करणारी मुलं पुणे स्टेशनवर गुवाहाटीच्या गाडीसाठी बसून होती. कोरोनात पुन्हा तेच, मणिपूर-मिझोरामच्या मुलींना रस्त्यात चिनी म्हणून हाका मारल्या, घर रिकामं करा म्हणून सांगितलं. चेहरा बघून माणसाचा देश ठरवायचा ही सवय एका दिवसात आलेली नाही, एकदा तर आपण ती कायद्यात लिहिली होती. त्या विचाराचे कायदेही पूर्ण गेलेत असं समजू नका. १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा २०१७ साली आणखी कडक झाला, आता वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला हक्क नाही. सरकारच्या आकड्यांप्रमाणे त्या यादीत चीनला गेलेल्यांच्या १२६ मालमत्ता आहेत. त्यातली कुठली घरं देवलीतून जहाजावर गेलेल्यांची आहेत हे तरी कुणी तपासावं.

तुम्हाला माझी विनंती आहे की पुढच्या पुरवणीत एक पान ह्यावर द्या. माझगावच्या देवळात तुमच्या मुंबईच्या रिपोर्टरला पाठवा, टोरांटोत मराठी मंडळ आहे, तिथले कुणी देवलीवाल्यांना भेटून लिहू शकतील. ६२ साली दहा वर्षांची असलेली मुलं आता सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा फार थांबू नका. पुण्याच्या खासदारांना, राज्यसभेतल्या आपल्या लोकांना संसदेत प्रश्न विचारायला सांगा, की देवलीच्या फायली खुल्या करणार का आणि स्मारकाला जागा देणार का. पाठ्यपुस्तक मंडळाला मी वेगळं पत्र टाकलंय. आठवी-नववीच्या मुलांना एका तासात सांगता येईल असा पाठ मी स्वतः लिहून काढलाय, नकाशासकट, कुणा शिक्षकांना हवा असेल तर तुमच्या ऑफिसात त्याच्या झेरॉक्स देऊन ठेवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कर्वेनगर, पुणे